पाईपचा भाव दुकानात ठरत नाही



आजची नोंद पिकावर नाही, पाईपवर आहे. सोयाबीन कधीच निघालं, हरभरा वर आलाय, मोसंबीला ताण द्यायचे दिवस आलेत. आणि आमच्या जालना भागात आता पाईपलाईनच्या गोष्टी सुरू झाल्यात. उन्हाळ्यात रान मोकळं झालं की चर खोदायचे, म्हणून आत्तापासून जो तो कोटेशन गोळा करत फिरतोय.

दरसाल एकच प्रश्न असतो. मागच्या खेपेला या भावात घेतला होता, मग औंदा भाव वेगळा कसा? दुकानदार म्हणतो, "वरूनच वाढलंय." कधी म्हणतो, "वरूनच उतरलंय." हे 'वर' म्हणजे नेमकं कुठं, ते आज लिहितो. लांबडं आहे, चहा घेऊन बसा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पीव्हीसीची पावडर आणि प्लास्टिकचा दाणा ही युरिया-डीएपीसारखीच शेतीची निविष्ठा झालेली आहे. युरियाचा भाव सरकार ठरवतं, डीएपी महागलं की अनुदानाची चर्चा संसदेत होते. पाईपच्या पावडरीवर शुल्क लावायचं का नाही, यावर दिल्लीत सुनावण्या होतात, कंपन्या वकील लावतात, पण त्यात शेतकऱ्याचं म्हणणं कुठंच नसतं. ते असायला पाहिजे.

आधी आपल्याच रानात किती प्लास्टिक आहे ते मोजा. विहिरीपासून वरच्या पट्टीपर्यंत पीव्हीसी पाईप. बोअरला केसिंग. ठिबकची नळी. टोमॅटो-मिरचीला मल्चिंग पेपर. शेततळ्याला पाचशे मायक्रॉनचा कागद. शेडनेट, कॅरेट, खताची गोणी, फवारणीच्या टाक्या. आमच्याकडच्या कडवंचीसारख्या गावात तर शेततळ्यांच्या कागदावरच द्राक्षाच्या बागा उभ्या आहेत असं म्हटलं तरी चालेल. कागद नसता तर पाणी जमिनीत मुरून गेलं असतं. हे प्लास्टिक हौसेचं नाही, पाणी वाचवायचं आहे.

आता हा माल येतो कुठून ते बघू. दोन प्रकार लक्षात ठेवले की पुरे.

एक, पॉलिथिन. ठिबकची नळी, मल्चिंग, शेततळ्याचा कागद, कॅरेट, हे त्याच घराण्यातलं. हा दाण्याच्या रूपात येतो. तो बनतो इथिलीन वायूपासून, आणि इथिलीन बनतं नाफ्त्यापासून नाहीतर नैसर्गिक वायूतल्या इथेनपासून.

दोन, पीव्हीसी. ही पांढरी पावडर असते. तिच्या वजनात 57 टक्के क्लोरीन, म्हणजे ते मिठातून आलेलं. बाकीचा भाग इथिलीनचा. देशात जेवढी पीव्हीसी खपते तिच्यातला सगळ्यात मोठा हिस्सा पाईप आणि फिटिंगला जातो, आणि त्या पाईपांचा फार मोठा गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही-आम्ही.

आता जगात काय चाललंय ते. देशादेशाचं वेगळं आहे, म्हणून एकेक सांगतो.

चीन. गेल्या पाच-सात वर्षांत चीनने प्लास्टिकचे कारखाने असे वाढवले की इथिलीनच्या क्षमतेत त्यानं अमेरिकेलाही मागं टाकलं. पीव्हीसीत तर जगातली जवळजवळ निम्मी क्षमता एकट्या चीनची आहे. आणि त्यांची बरीचशी पीव्हीसी तेलापासून नाही, कोळशापासून बनते. कोळसा आणि चुनखडी भट्टीत घालून कॅल्शियम कार्बाइड करायचं, त्यातून वायू काढायचा आणि त्याची पीव्हीसी. हो, तोच कार्बाइड, जो फळं पिकवायला वापरू नका म्हणून आपल्याला सांगतात. या पद्धतीला वीज अफाट लागते, पारा वापरावा लागतो, पण कोळसा जवळ असला की स्वस्त पडते. शिनजियांग, आतला मंगोलिया, या कोळशाच्या मुलखात हे कारखाने आहेत. मग 2021 पासून चीनमधला घरबांधणीचा धंदा बसला. एव्हरग्रांदचं नाव तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. घरं थांबली की पाईप थांबला, खिडक्या थांबल्या. कारखाने मात्र चालूच. मग तो माल जाणार कुठं? जिथं मागणी आहे तिथं, म्हणजे आपल्याकडे.

अमेरिका. तिकडं खडकातून वायू काढायचं तंत्र आल्यापासून इथेन उदंड झालं. स्वस्त इथेन म्हणजे स्वस्त पॉलिथिन. त्यांचा स्वतःचा खप तेवढा वाढत नाही, म्हणून नवी क्षमता मुख्यतः निर्यातीसाठीच उभी राहिली. यातली एक गोष्ट आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली आहे. 2017 पासून रिलायन्स कंपनी अमेरिकेतलं इथेन उणे 90 अंशांच्या आसपास थंड करून मोठ्या जहाजांनी गुजरातमधल्या दहेजला आणते, आणि दहेजपासून आपल्या रायगडमधल्या नागोठण्यापर्यंत त्याची पाईपलाईन आहे. नागोठण्याचा कारखाना मुळात बॉम्बे हायच्या वायूवर उभा राहिला होता. म्हणजे तुमच्या ठिबकच्या नळीतला दाणा रायगडचा असला, तरी त्यातला वायू टेक्सासच्या किनाऱ्यावरून आलेला असू शकतो. "स्वदेशी" शिक्का बघून भाव स्वदेशी ठरेल असं समजू नका.

आखात. सौदी, अमिराती, कतार. वायू त्यांच्या पायाखाली. पॉलिथिनची मोठी आयात आपल्याकडे तिथूनच येते.

आता उलटी बाजू. युरोप, कोरिया, जपान. यांचे कारखाने बहुतेक नाफ्त्यावर चालतात, म्हणजे कच्चा माल महाग. 2022 च्या युक्रेन युद्धानंतर युरोपातली वीज आणि वायू महागला, तिथं कारखाने बंद व्हायला लागले. 2024 मध्ये फ्रान्समधला एक्सॉनमोबिलचा आणि नेदरलँड्समधला साबिकचा एक असे इथिलीनचे प्लांट बंद झाले. डाऊ कंपनीने जर्मनीतला बोलेनचा प्लांट 2027 च्या अखेरीपर्यंत बंद करायचं जाहीर केलंय. कोरियात 2025 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या दहा कंपन्यांनी सरकारपुढं कबूल केलं की नाफ्त्यावरची क्षमता 27 ते 37 लाख टनांनी कमी करू.

म्हणजे एकीकडं जगात माल जास्त झालाय आणि दुसरीकडं कारखाने बंद पडतायत. हे विचित्र वाटतं, पण कांद्यासारखंच आहे बघा. भाव पडला की ज्याचा उत्पादन खर्च जास्त तो आधी हटतो. आणि तो हटला की पुढं भाव कोण ठरवणार, हे उरलेले ठरवतात. आज उरणारे कोण? चीन, अमेरिका, आखात. आजची स्वस्ताई खरी आहे, पण ती कायमची समजू नका.

आणि आपण? आपली गत निराळीच. पीव्हीसीची आपली मागणी वर्षाला 40 लाख टनांच्या वर गेलीय. देशातली क्षमता 15-16 लाख टन. बनवणारे किती? रिलायन्स, केमप्लास्ट सनमार, फिनोलेक्स, डीसीडब्ल्यू, डीसीएम श्रीराम. हाताची पाच बोटं. यातला फिनोलेक्सचा कारखाना आपल्या रत्नागिरीजवळ आहे, 1990 च्या दशकातला, आणि त्यालाही कच्चा माल जहाजानंच येतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत पाईपचा खप वाढतच गेला, क्षमता जवळपास तिथंच राहिली. पीव्हीसी करायला क्लोरीन लागतं, इथिलीन लागतं, वीज लागते, आणि बाहेरून स्वस्त येत असताना हजारो कोटी गुंतवायची कुणाची हिंमत झाली नाही. आता अदानींनी मुंद्र्याला आणि रिलायन्सने मोठे प्रकल्प जाहीर केलेत. ते उभे राहीपर्यंत निम्म्याहून जास्त पावडर बाहेरूनच येणार.

बाहेरून येणाऱ्या मालाचा भाव डॉलरमध्ये. रुपया घसरला की पाईप महाग, चीनमध्ये काही झालं नसलं तरी.

आणि एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळं प्रकरण तिच्यावर आहे. देशातली कंपनी पावडर विकताना आपला खर्च धरून भाव लावत नाही. बाहेरचा माल बंदरावर शुल्कासकट कितीला पडतो ते बघून लावते. म्हणून आयात मालावर शुल्क बसलं की फक्त आयात माल महाग होत नाही, सगळाच महाग होतो.

2021 आठवतंय? त्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये न भूतो अशी थंडी पडली, कारखाने गोठले. ऑगस्टअखेर लुइझियानाला चक्रीवादळ धडकलं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चीनने विजेवर निर्बंध आणले, कार्बाइडच्या भट्ट्या थंडावल्या. तिकडं हे झालं आणि इकडं पावडरीचा भाव वर्षाआधीच्या दुपटीवर गेला. त्या काळात आमच्या इथं दुकानांत "आजचा भाव आजच" असं चाललं होतं. सकाळचं कोटेशन दुसऱ्या दिवशी धरत नव्हते. आमच्या भावकीतले एक अण्णा त्याच वर्षी नवी विहीर लागली म्हणून पाईपलाईन करायला निघालेले. पाणी होतं, रान होतं, पण लाईन पुढच्या वर्षावर गेली. त्या रब्बीत वरची पट्टी कोरडवाहूच राहिली. टेक्सासच्या थंडीचा आणि अण्णांच्या गव्हाचा असा संबंध आहे.

पुढं 2022 मध्ये भाव जसा चढला तसा कोसळला. तेव्हा उलटी बोंब सुरू झाली. देशातल्या कंपन्या म्हणायला लागल्या, चीन आणि बाकीचे देश पडत्या भावात माल ओततायत, आम्हाला वाचवा. 2024 मध्ये वाणिज्य मंत्रालयाच्या व्यापार उपाय महासंचालनालयाने चौकशी सुरू केली. चीन, तैवान, जपान, कोरिया, थायलंड, इंडोनेशिया आणि अमेरिका, असे सात देश. चौकशीअंती डम्पिंगविरोधी शुल्क लावा अशी शिफारस झाली. दुसरीकडं, पावडरीला भारतीय मानकाचा शिक्का सक्तीचा करायचा आदेश निघाला, तोही पुन्हा पुन्हा पुढं ढकलला गेला. शेवटी नोव्हेंबर 2025 मध्ये अर्थ मंत्रालयाने शुल्क लावलंच नाही, आणि त्याच महिन्यात पीव्हीसी, पॉलिथिनसारख्या मालावरचे सक्तीचे आदेशही मागं घेतले गेले. (हा शिक्का कच्च्या मालाचा बरं का. पाईपवरचा आयएसआय मार्क ही वेगळी गोष्ट, तो बघूनच घ्या.)

आपल्याला वाटेल, बरं झालं. आत्तापुरतं मलाही तसंच वाटतं. पण इथंच एक अडचण आहे आणि ती टाळून चालणार नाही.

आपण सोयाबीनवाले. खाद्यतेलावर आयात शुल्क लावा म्हणून आपणच ओरडतो. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या तेलावर 20 टक्के मूळ शुल्क लागलं, आपण टाळ्या वाजवल्या. मे 2025 च्या शेवटी ते 10 टक्क्यांवर आणलं, आपण संतापलो. 2025-26 च्या हंगामात हमीभाव 5328 रुपये होता आणि बाजारात त्याच्या खाली विकावं लागलं. मग कुणी विचारलं की तुमच्या सोयाबीनला शुल्काचं कवच पाहिजे, आणि पीव्हीसीवाल्याला का नको, तर काय उत्तर देणार? "आम्ही विकतो त्याला शुल्क, आम्ही घेतो ते मोकळं" हे उत्तर नाही, ती सोय झाली.

मी यावर बराच विचार केलाय. माझं उत्तर असं.

कवच कुणालाही द्या, पण कशासाठी आणि किती दिवस ते आधी सांगा. देशात माल तयार व्हायची ताकद असेल आणि बाहेरच्या पडत्या भावानं ती मरत असेल, तर कवचाला अर्थ आहे. सोयाबीनची पेरणी दरसाल होते. भाव मिळाला तर पुढच्याच हंगामात क्षेत्र वाढतं. पीव्हीसीचा कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. आज शुल्क लावलं तर उद्या एक किलोही जास्त पावडर देशात तयार होणार नाही. आयात तेवढीच होणार, फक्त महाग होणार, आणि त्या महागाईचा फायदा आहे त्या पाच कंपन्यांना आहे त्याच मालावर मिळणार.

पण नवे कारखाने खरंच उभे राहिले आणि चीनने ते बुडवायला भाव पाडला, तर? तेव्हा मी शुल्काच्या विरोधात उभा राहणार नाही. कारण 2021 आपण बघितलंय. सगळी पावडर परक्या हातात ठेवणं म्हणजे एकाच बोअरवर सगळी बाग लावणं. म्हणून माझी मागणी सरळ आहे:

1. नवी क्षमता चालू होईपर्यंत पावडरीवर जादा शुल्क नको. चालू झाल्यावर लावायचं तर ठरावीक मुदतीसाठी, आणि कंपनीने बोलल्याप्रमाणे माल काढला तरच.

2. शेतीच्या पाईपवरचा जीएसटी कमी करा. सप्टेंबर 2025 मध्ये ठिबक-तुषार संचावरचा कर 12 वरून 5 टक्के झाला, चांगलं झालं. पण विहिरीपासून रानापर्यंतच्या साध्या पीव्हीसी पाईपला अजून 18 टक्के. लाखाच्या पाईपवर 18 हजार कर. व्यापाऱ्याला तो पुढं वळता करून घेता येतो, शेतकऱ्याला तो खिशातूनच जातो. 5 टक्के असता तर लाखामागं 13 हजार वाचले असते. कुठल्याही शुल्काच्या वादापेक्षा हे सोपं आहे आणि आपल्या हातातलं आहे, चीनच्या नाही.

3. ठिबकच्या अनुदानाचा मापदंड दाण्याच्या भावाशी जोडा. महाराष्ट्रात राज्याची भर धरून लहान शेतकऱ्याला 80 आणि इतरांना 75 टक्के म्हणतात. पण ते टक्के सरकारनं ठरवलेल्या खर्चाचे, दुकानातल्या बिलाचे नाहीत. दाणा वाढला आणि मापदंड तिथंच राहिला, की वरचा फरक शेतकऱ्याच्या बोडक्यावर.

4. शुल्काच्या सुनावणीत पाईप वापरणाऱ्याचं म्हणणं ऐका. कंपन्यांना संघटना आहेत, वकील आहेत. आपल्या शेतकरी कंपन्यांच्या महासंघांनी हा विषय कधी हातात घेतलाय का? हा प्रश्न मी सरकारला जेवढा विचारतो तेवढाच आपल्या पुढाऱ्यांनाही विचारतो. ऊसदर, कांदा निर्यात यावर रस्त्यावर येतो, ते बरोबरच आहे. पण जे विकत घेतो त्याचा भाव कुठं ठरतो याकडं बघायची सवय आपल्याला नाही.

आता सरकार करेल तेव्हा करेल. यंदा पाईप घ्यायचाय त्यांच्यासाठी चार गोष्टी.

कोटेशन नगावर घेता तसं किलोवरही काढा. नगाचं वजन विचारा, भागाकार करा. दोन दुकानांतला फरक तेव्हाच कळतो. पण नुसतं जड म्हणजे चांगलं असंही नाही. पावडर महागली की काही जण कॅल्शियम, म्हणजे चुनखडीची भुकटी, जास्त मिसळतात. ती पीव्हीसीपेक्षा जड असते. असा पाईप वजनाला भरतो आणि ट्रॅक्टरचं चाक गेलं की फुटतो. म्हणून आयएसआय मार्क, त्याखालचा 4985 हा क्रमांक आणि किती केजीचा ते पाईपवरच छापलेलं बघा.

शक्य असेल तर मार्च ते मेच्या गर्दीत घेऊ नका. सगळे तेव्हाच घेतात. पावसाळ्यात मागणी थंड असते, तेव्हा दुकानदार बोलायला तयार असतो. आधी घेऊन ठेवला तर सावलीत, सपाट जागेवर ठेवा. उन्हात पडून राहिला की वाकतो आणि कडकतो.

पाच-सहा जण मिळून घ्या. गटाचा नाहीतर शेतकरी कंपनीचा एक ट्रक माल म्हटलं की भावात फरक पडतो.

कोटेशनवर तारीख आणि किती दिवस धरणार ते लिहून घ्या. पक्कं बिल घ्या.

आणि एक सवय लावून घ्या. जसा रोज बाजार समितीचा सोयाबीनचा भाव बघता, तसा महिन्यातून एकदा पावडरीचा भाव विचारा. विक्रेत्यांच्या ग्रुपवर कंपन्यांचे बदललेले दर लगेच येतात. तुमच्या ओळखीचा दुकानदार असेल तर तो सांगेल. डॉलर कुठं आहे ते मोबाईलवर दिसतंच. चार महिने बघितलं की भाव चढतीला आहे का उतरतीला, हे कुणी सांगायची गरज पडत नाही.

माझ्याकडे वरच्या पट्टीची जुनी लाईन बदलायची आहे. मी या महिन्यातच घेतोय. भाव अजून उतरेल म्हणून थांबणारे आहेत, त्यांचं चुकेलच असं मी म्हणत नाही. पण कोरिया-युरोपातले कारखाने बंद होत चाललेत आणि रुपयाची तब्येत बरी नाही, हे बघून मला थांबण्यात फायदा दिसत नाही.

तुमच्याकडं सध्या तीन इंची, सहा केजीचा काय भाव चाललाय, किलोवर काढून खाली लिहा. तालुका पण लिहा. पन्नास जणांनी लिहिलं तरी आपला एक भावफलक तयार होईल, आणि पुढच्या खेपेला दुकानदार "वरून वाढलंय" म्हणाला, तर किती वाढलंय ते आपल्यालाही सांगता येईल.